प्राणमापकाचा काटा

गंगापूर रोडवरच्या त्या लॉन्सवर सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. स्पंदन महाराजांचं प्राणमापक यंत्र आलं होतं ना! पितळी डबा, त्यावर काचेची तबकडी, तबकडीत लाल आणि हिरवा पट्टा. भक्तानं दोन पितळी मुठी धरल्या की काटा लालमध्ये, महाराजांनी भस्म लावलं की हिरव्यात.

"ही अंधश्रद्धा नव्हे माउली, हे क्वांटम आहे!" महाराज बजावत होते. क्वांटम म्हणजे काय हे मंडपात कुणालाच ठाऊक नव्हतं, महाराजांना तर नव्हतंच. पण शब्द असा भारदस्त, की माना आपोआप डोलत होत्या.

पॉलिटेक्निकात शिकवणारी शुभांगी आपल्या आत्याला धरून रांगेत उभी होती. आक्काबाई आत्या मखमलाबादला झेंडू पिकवायची, फुलबाजारात भल्याभल्यांना गप्प करायची. पण गेल्या आठवड्यात इथे काटा हिरव्यात गेला, "साखर पळाली, इन्सुलिन बंद करा," असं महाराज म्हणाले आणि आत्यानं ते खरंच बंद केलं. आता तोंडाला कोरड, तांब्यावर तांब्या पाणी आणि चालताना झोक जात होता.

"आत्या, आधी दवाखान्यात चल ना गं."

"काटा खोटं बोलंल व्हय? आज हिरव्यात नाय गेला तर येते. मग तर झालं?"

आत्यानं मुठी धरल्या. काटा सरकला आणि शुभांगीचे कान टवकारले. घुर्र, घुर्र! हा आवाज तिच्या चांगलाच ओळखीचा होता.

झालं होतं असं, की सोसायटीच्या टाकीत पाणी किती हे दाखवणारी तबकडी शुभांगीबाईंनी हौसेनं घरीच बनवली होती. काटा फिरवायला खेळण्यातल्या विमानात असते तशी दातेरी चाकांची सर्वो मोटर निवडली. स्वस्त, जोरदार, फक्त जरा घुरघुरते. एकदा तिची वायर निसटली आणि काटा 'भरली' वरच अडकून बसला. कुणी पंप लावला नाही. दुसऱ्या दिवशी अख्खी बिल्डिंग अंगाला साबण लावून शुभांगीच्या नावानं शंख करत होती. शेवटी तिनं साधा व्होल्टमीटर बसवला. त्याचा काटा आवाज करत नाही आणि वीज गेली की आतली स्प्रिंग त्याला शून्यावर आणते.

इकडे भस्म लागलं, काटा हिरव्यात गेला. शुभांगीनं वाकून यंत्राची पिनच उपटली.

"आत्या, मुठी सोड."

आत्यानं सोडल्या. काटा हिरव्यातच!

"पाहिलंत?" महाराज गरजले. "यंत्राला विजेची गरजच नाही!" टाळ्या कडाडल्या.

"वा! मग या काकांचा प्राण मोजा," शुभांगी म्हणाली. रांगेतल्या वाल्मीक शिंप्यानं मुठी धरल्या. काटा हलेना. आणखी पाच जणांनी धरल्या. काटा जागचा हलेल तर शपथ. महाराज घामाघूम.

शुभांगीनं पिन पुन्हा लावली. "आता मुठींना कुणी हात लावू नका. आत मोटर आहे, म्हणजे तिचं बटणही कुणाकडे तरी असणारच. महाराज, जरा उठता का?"

"साधकाचं आसन मोडत नसतं!"

पण वाल्मीकनं तोवर महाराजांच्या आसनाखालच्या गालिच्याचं टोक उचललं होतं. "आयला! हे तर माझ्या शिलाई मशीनसारखं पेडल!" त्यानं सवयीनं त्यावर पाय दाबला. घुर्र! काटा लालमध्ये. सोडला. घुर्र! काटा हिरव्यात. मंडपात हशा पिकला.

आत्या मात्र हसली नाही. "म्हंजी माझी साखर...?"

"साखर मोजलीच नाही गं कुणी!" शुभांगीनं तिचा हात धरला. "चल आता."

जवळच्याच दवाखान्यात बोटातून थेंबभर रक्त काढलं. साखर चारशे साठ. "अजून दोन दिवस गेले असते तर बेशुद्धच आणावं लागलं असतं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी आत्याला लगेच दाखल करून घेतलं.

सलाईन लागल्यावर आत्या डॉक्टरांच्या रक्तदाबाच्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्याचा काटा कशानं हलतो वं, डॉक्टर?"

डॉक्टरांनी हसून सगळं समजावलं. आत्यानं नीट ऐकून घेतलं आणि मगच दंड पुढे केला.

बाबांनो, एवढंच करायचं. काटा हलला की हात जोडण्याआधी विचारायचं, हलवतंय कोण? जो खरा असेल तो उत्तर देईल. जो आसन सोडायला तयार नसेल, त्याच्या गालिच्याखाली आधी बघा.