हाकेचं नाव

इया लेकेने कोनफळाचा वाळत घातलेला काप दातांत धरून मोडून पाहिला. तो तुटला नाही, नुसता वाकला. अजून एक कडक ऊन हवं, असं पुटपुटत ती खडकावर पसरलेले काप उलटू लागली, तेवढ्यात कमरेच्या गाठीत बांधलेला फोन वाजला. इबादानहून तिचा मुलगा लेके बोलत होता.

"आई, एक विचारायचं होतं."

"विचार की. पीठ हवंय का? नवं पीठ दळायला अजून वेळ आहे बाबा."

"पीठ नको. तुझं हाकेचं नाव काय गं?"

तिचा हात कापांवरच थांबला.

"कसलं नाव?"

"अगं, जन्मल्यावर तुझ्या आजीने ठेवलेलं. मला तू अकांबी म्हणतेस ना, तसं तुझं. एवढा घोडा झालो, पण मला ते माहीतच नाही बघ. सगळे आपले इया लेके, लेकेची आई, एवढंच म्हणतात."

"आत्ताच कुठून आठवलं तुला?"

"काम आहे. सांगेन नंतर. आणि हे बघ, कुणाजवळ बोलू नकोस."

खडकावरून उन्हाची झळ तोंडावर येत होती, तरी तिच्या अंगावर काटा आला. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अबेनी," ती म्हणाली.

"अबेनी." लेकेने ते घोकल्यासारखं म्हटलं. "म्हणजे देवाकडे मागून मिळालेली. छान आहे गं. बरं, ठेवतो."

अबेनी तिचं नाव नव्हतं. अबेनी म्हणजे तिची थोरली सवत. लेके बोलायला लागायच्या आधीच ती गेली, आणि जाईपर्यंत तिने धाकटीला एक दिवस सुखाने घास गिळू दिला नव्हता. ते नाव तोंडात यायला इया लेकेला विचारही करावा लागला नाही. मेलेल्या बाईचं आता आणखी कोण काय वाईट करणार, एवढंच तिच्या मनात आलं.

हाकेचं नाव ही साधी गोष्ट नव्हे. ते आजीने द्यायचं आणि वडीलधाऱ्यांनीच त्या नावाने हाक मारायची. रडतं पोर त्याने गप्प होतं, दमल्या माणसाची पाठ ताठ होते, कारण ती हाक थेट जिवापर्यंत जाते. म्हणूनच वाईट कामालाही तेच लागतं. ज्याला झटपट पैसा हवा असतो तो रानातल्या मांत्रिकाकडे जातो आणि मांत्रिक मडक्यावर ओणवा होऊन विचारतो, कुणाचं नाव घेऊ? परक्याचं चालत नाही. ज्याच्यावर जीव असेल त्याचंच लागतं. मडक्यात हाक जाते, आणि ते माणूस असेल तिथून नकळत ओ देतं. मग इकडे घरात पैसा येतो आणि तिकडे ते माणूस वाळत जातं. हे तिच्या गावातल्या, ओग्बोमोशोतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रस्त्यात मागून हाक आली तर आवाज ओळखल्याशिवाय तिथे कुणी ओ देत नसे.

आणि लेके काही वर्षांपूर्वीपर्यंत नाक्यावर टायरची पंक्चर काढत होता. मग काजूच्या व्यापाऱ्यांत त्याची उठबस सुरू झाली आणि बघता बघता स्वतःचे ट्रक आले, इबादानला घर उभं राहिलं. लग्नाला एवढी वर्षं होऊनही घरात पाळणा मात्र हलला नव्हता. लोकांनी या दोन गोष्टी कधीच एकमेकींना जोडून टाकल्या होत्या.

"माझं काही म्हणणं नाही हं," शेजारची इया सुबेदा म्हणायची. "लोक बोलतात ते तुझ्या कानावर घालते. पोरं खाऊन झाली की तो पैसा आईकडे वळतो म्हणे."

"तुझ्या जिभेला काही हाड? माझा मुलगा राबतो म्हणून कमावतो."

"राबतात तर सगळेच. माझा नवरा काय झोपा काढतो?"

"हो. काल दुपारी ओट्यावर घोरत होता."

असं म्हणून तिने इया सुबेदाला कितीदा तरी वाटेला लावलं होतं. पण गेल्या खेपेला लेकेने आणलेला गोड पाव तिने तोंडाला न लावता कोंबड्यांना कुस्करून घातला होता. निघताना लेकेची नजर अंगणातल्या त्या चुऱ्यावर गेली. पाव शिळा होता, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं. आता फोन करून काय सांगणार? लोकांच्या बोलण्यावर विश्वास नाही नाही म्हणता जीभ खोटं बोलून मोकळी झाली होती. तिला इतकी लाज वाटली की त्या संध्याकाळी काप गोळा करायचंही राहून गेलं.

काप वाळले, दळूनही झाले. मग एका सकाळी ती पीठ चाळत असताना इया सुबेदा धापा टाकत आली. लेकेचा काजूचा ट्रक ओयोच्या पुढे उलटला होता आणि ड्रायव्हरशेजारी लेकेच बसला होता.

"घाबरू नकोस, धड आहे. डावा हात मोडलाय फक्त. जिवावरचं हातावर गेलं, देव पावला म्हण." एवढं बोलून तिला थांबता आलं असतं, पण ती इया सुबेदा होती. तिने आवाज खाली आणला. "नाही तर त्या कापडवाल्याचं ऐकलंस ना? मडक्याला खोटं नाव सांगितलं म्हणे त्याने. मडकं फसतं होय? ठरलेलं मिळालं नाही की ते मालकालाच खातं."

इया लेकेने चाळण खाली ठेवली.

"तुला काय झालं गं?"

"काही नाही. पीठ डोळ्यात गेलं."

इया सुबेदा गेल्यावर ती बराच वेळ पिठाच्या ढिगापाशी बसून राहिली. खोटं नाव लेकेने दिलं नव्हतं, तिने दिलं होतं. त्याने बिचाऱ्याने ते विश्वासाने पुढे केलं असणार. आईने फसवलं आणि मुलगा भोगतोय. त्याने केलं ते पाप की काय, हा प्रश्न आता तिला पडेना. तान्हा असताना तो तापाने फणफणला होता तेव्हा तिने देवाला हेच विनवलं होतं, की याच्याऐवजी मला ने. तेव्हा देवाने काही न घेता पोर परत दिलं होतं. आता कुणी घ्यायला बसलंच असेल तर घेऊ दे, असं तिला वाटलं, आणि वाटल्यावर रडूही आलं, कारण मरायची हौस तिला मुळीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने स्वच्छ अंघोळ केली, ठेवणीतलं निळं वस्त्र नेसली, डोक्याला त्याच रंगाचा फडका बांधला. ताज्या पिठाची पिशवी भरली आणि कोंबड्यांची करंडी इया सुबेदाच्या दारात नेऊन ठेवली.

"एवढी नटून कुठे? नवरा बघायला?"

"लेकेकडे. या कोंबड्या तुझ्याकडे ठेव."

"ठेवते की. परत कधी येणार?"

"अंडी खात जा," इया लेके म्हणाली आणि वळली.

गाडीत खिडकीपाशी बसून ती स्वतःचं नाव म्हणून बघत होती. असाके. आजी तसं म्हणायची, आई म्हणायची, नवरा खुशीत असला की म्हणायचा. नवरा गेल्यापासून ते कुणी उच्चारलं नव्हतं, तिने स्वतःही नाही. लेकेपुढे बसायचं, त्याच्याकडे न बघता नाव सांगायचं आणि म्हणायचं, हे घे, हे खरं आहे. कशाला हवं होतं ते विचारायचं नाही. त्याला तोंड चुकवायला लागेल असं काहीच बोलायचं नाही.

"मला काही म्हणालात का, आई?" शेजारच्या बाईने विचारलं.

"नाही गं. माझं मलाच."

इबादानला उतरून, विचारत विचारत ती पोचली तेव्हा दुपार कलली होती. लेके फाटकातच उभा होता. डावा हात गळ्यात बांधलेला, चेहरा उतरलेला. तिला बघून तो नेहमीसारखा साष्टांग नमस्कार घालायला वाकला, पण हाताने जमेना. मग त्याने गुडघा टेकून उजवा हात जमिनीला लावला.

"तू कशाला आलीस एवढ्या लांब? मीच येणार होतो तुला न्यायला. घरभरणी झाली नाही अजून."

"हात बघू."

"हात बरा होईल गं. तू आधी हे बघ."

त्याने फाटकाचं एक दार ओढून तिच्यासमोर आणलं. लोखंडावर अक्षरं जोडून बसवलेली होती आणि त्यांना निळा रंग दिलेला होता. रंगाचा वास अजून गेला नव्हता.

"वाच."

"मला कुठे वाचता येतं?"

त्याने तिचं बोट धरलं आणि अक्षरांवरून फिरवलं. "अबेनीचं घर," तो म्हणाला. "तुला नावाने हाक मारणारं मोठं माणूस आता कुणी उरलं नाही. माझ्या मनात आलं, निदान फाटकाने तरी म्हणावं. म्हणून विचारलं होतं. आधी सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

लोखंड उन्हाने तापलेलं होतं. तिने बोट लगेच काढून घेतलं नाही. यात मडकं नव्हतं, मांत्रिक नव्हता, होती ती थोरली सवत, आणि ती आता तिच्या मुलाच्या दारावर कायमची बसली होती. दुसरा कुठला दिवस असता तर इया लेके या गोष्टीवर पोट धरून हसली असती.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "अक्षरं मोठी आहेत."

आत गेल्यावर सुनेने, बोसेने, गुडघे टेकून नमस्कार केला आणि पिठाची पिशवी घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. मायलेक समोरासमोर बसले. इया लेकेने दोनदा तोंड उघडलं. खरं नाव अगदी ओठांवर होतं. पण ते सांगायचं तर आधी खोटं का सांगितलं तेही सांगावं लागणार, आणि ते सांगायला या जगात एकच कारण होतं. खाली मान घालून ती मांडीवरच्या वस्त्राच्या निऱ्या सारख्या करत बसली.

"अलाओ काका आले होते काल, हात बघायला," लेके म्हणाला. तिच्या धाकट्या दिराबद्दल बोलताना तो पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता. "फाटकापाशी थांबले आणि म्हणाले, अबेनी तर तुझ्या थोरल्या आईचं नाव होतं."

तिने हातातली निरी मुठीत धरली.

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, काका, तुमचं वय झालं. स्वतःचं नाव सांगताना आई चुकेल का?"

तिला वर बघवेना. त्यानेही ग्लासावरची नजर काढली नाही. बाहेर कुणीतरी रिकामं पिंप गडगडत नेत होतं.

बोसेने ताट आणून सासूपुढे ठेवलं. कोनफळाच्या पिठाचा घोटलेला गरम आमाला, पालेभाजीचा दाट रस्सा, वर मांसाचे दोन तुकडे. इया लेकेने हात धुतले आणि ओले हात तसेच धरून ठेवले.

लेके जरा पुढे सरकला. उजव्या हाताने त्याने तिच्या ताटातल्या आमाल्याचा गोळा तोडला, रश्शात बुडवला आणि खाल्ला. मग मांसाच्या एका तुकड्याचा कोपरा तोडून खाल्ला. तिच्या ग्लासातलं पाणीही घोटभर प्यायला. बोसे बघतच राहिली. आईच्या आधी आईच्या ताटात हात घालण्याचा उद्धटपणा त्याने जन्मात केला नव्हता.

"अहो, हे काय?"

"तू जा आत," तो बोसेला म्हणाला.

ती गेली. त्याने घास पुरता गिळला, आईला दिसेल असा गिळला, आणि ताट परत तिच्यापुढे सारलं.

"तुझ्याच पिठाचा आहे," तो म्हणाला. "खा."

तिचा हात ताटापर्यंत गेला आणि थांबला. अंगणातला पावाचा चुरा तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि त्याच्याही डोळ्यांपुढे तोच आहे हे तिला न बघता कळलं. गाडीत घोकलेलं नाव जिभेवर तसंच होतं, पण आता ते कुणाला देऊन उपयोग नव्हता.

"अबेनी," लेकेने हाक मारली. म्हातारी माणसं मारतात तशी, हळू आणि लांबवून.

तिने ओ दिली, आणि ताट जवळ ओढलं.