कडेला कोण बघतंय

कडावच्या नाक्यावर खताचं दुकान आहे. त्याच्या माडीवर स्वप्नील आणि नम्रता या नवरा-बायकोचा फोटो स्टुडिओ. खालून खताचा वास येतो आणि वर लोकांच्या लग्नाचे अल्बम तयार होतात. हळद, साखरपुडा, बारसं, शाळेचं गॅदरिंग, पासपोर्ट साइज, जे येईल ते. लग्न होऊन आली तेव्हा नम्रताला कॅमेरा धरता येत नव्हता. आता स्वप्नीलपेक्षा बरा धरते. हे स्वप्नील सोडून सगळ्या कडावला माहीत आहे.

दोघांकडे एका वस्तूपुरते पैसे साठले होते. नवा फुल फ्रेम कॅमेरा, नाहीतर चांगली लेन्स. दोन्ही नाही. उद्या सकाळी मोटारसायकलवर बसून पनवेलच्या दुकानात जायचं आणि काहीतरी एक घेऊन यायचं, इतकं ठरलं होतं. काय आणायचं ते ठरलं नव्हतं.

स्वप्नीलला कॅमेरा हवा होता, कारण किशोरला हवा होता. किशोर खालापूरच्या बाजूला एका फार्महाऊसवर लग्नं लावून देतो. म्हणजे मंडप, जेवण, डीजे, फोटो, सगळं त्याच्या हातात. गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं. तो एक दिवस स्टुडिओत चहा पीत म्हणाला होता, "स्वप्नीलशेठ, पार्टी पयला प्रश्न काय विचारते माहीत हाय? फुल फ्रेम हाय का? तू नुसतं हो म्हण, अख्खा सीझन तुझा."

फुल फ्रेम म्हणजे काय हे पार्टीला ठाऊक नसतं. पण डोंगराची अख्खी उतरण विकत घेणाऱ्या माणसाला सगळंच फुल लागतं. ज्या उतरणीवर ठाकरवाडीची गुरं चरायची तिथे आता लॉन आहे, आणि त्या लॉनवर नवरी धुराच्या फटाक्यातून चालत येते. असू दे. धंदा आहे. स्वप्नीलला तो धंदा हवा होता, आणि हवा का नसावा? कडावात लग्नाच्या अल्बमवरून लोक वर्षभर घासाघीस करतात.

नम्रताचं म्हणणं वेगळं होतं. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"लेन्स घेऊ. आपली ती झूम मामांच्या रोलवाल्या कॅमेऱ्याची हाय. म्हातारी झाली ती. काच मधी बरी, कडेला बाद."

"मग इतकी वर्षं कसं चाललं?"

"कारण आपला कॅमेरा छोट्या सेन्सरचा. तो काचेचा मधला भागच घेतो, कडा सोडून देतो. तुमचा फुल फ्रेम अख्खी काच घेणार. कडेच्या घाणीसकट."

"तुमचा काय, तुमचा? घेतल्यावर तू पन वापरनार ना?"

"वापरीन की. कडेला माणूस नसंल तवा."

स्वप्नीलने हात झटकला. त्याचा मुद्दा एकच होता. आधी कॅमेरा, मग सीझनच्या कमाईतून लेन्स. नम्रताचाही एकच. चांगली काच जुन्या डब्यावरही चालते आणि पुढे नव्यावरही चालेल, डबा मात्र दरवर्षी जुना होतो. दोघांचंही चूक नव्हतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं.

हे सगळं नुसतं तोंडी नव्हतं. चैत्रात त्यांनी करून बघितलं होतं. किशोरने एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून फुल फ्रेम कॅमेरा एका दिवसापुरता मिळवून दिला होता. लेन्स मात्र आपलीच लावायची होती, मामांची. कुठल्या लग्नात वापरून बघायचा? स्वप्नील म्हणाला होता, "वाडीवरच्या. काय चुकलंच तर वाडीवाले बोलनार नायत."

हे तो सहज बोलला. वाईट माणूस नाही तो. आपल्याकडे असलं सगळं सहजच बोलतात, आणि ज्यांच्याबद्दल बोलतात त्यांनीही ते सहज घ्यावं अशी अपेक्षा असते.

लग्न जनीचं होतं. पळसदरीच्या वरच्या अंगाला जी ठाकरवाडी आहे तिथली ती पोरगी. वाडीतला अल्बमवाला हा पहिलाच लग्नसोहळा. लग्न लावायला भटजी नव्हता. जनीची आजी चंद्राबाई धवलारीण होती, म्हणजे धवल्याची गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. ती तांदूळ हातात घेऊन उभी राहते, गाते, आणि तिचं गाणं संपल्याशिवाय कुणी नवरा-बायको होत नाही. आसपासच्या वाड्यांमधली निम्मी माणसं तिनेच एकमेकांना बांधून दिलेली. अशी बाई फोटोत कुठे असते? कडेला. स्वप्नीलने नवरा-नवरी मधोमध धरली, जशी सगळे धरतात. चंद्राबाई डाव्या कोपऱ्यात गेली.

नम्रता त्या दिवशी जुना छोटा कॅमेरा घेऊन नवरीच्या जवळ होती. त्याला तिची स्वतःची एक बारकी लेन्स होती, झूम न होणारी, स्वस्तातली पण स्वच्छ.

स्टुडिओत येऊन कॉम्प्युटरवर फोटो उघडले तेव्हा स्वप्नीलने खुर्चीवर उडीच मारली होती. मांडवात अंधार असूनही फोटोवर एक दाणा उमटला नव्हता. नवरीच्या कपाळावरचं कुंकू मोजून घ्यावं इतकं साफ.

"बघ! बघ नमे! ह्याला म्हनतात कॅमेरा."

नम्रताने माऊस घेतला आणि फोटो डाव्या कोपऱ्यात ओढला. तिथे लुगड्यातली एक बाई होती. तिचा चेहरा पाण्यात खडू पडल्यासारखा पसरला होता.

"आन ही?"

"कडेला कोन बघतंय?" स्वप्नील म्हणाला.

ते वाक्य तेव्हा तिथेच राहिलं.

आणि आज, पनवेलला जायच्या आदल्या दुपारी, हिरामण जिना चढून आला. हिरामण चंद्राबाईचा मुलगा, जनीचा चुलता. किशोरच्याच फार्महाऊसवर लॉनला पाणी मारतो. डोक्याचे केस काढलेले होते. ते बघितल्यावर कुणी काही विचारायची गरज नव्हती, तरी नम्रताने विचारलं, "हिरामणभाऊ, कोण?"

"आय गेली, ताई. निजली ती उठलीच नाय." तो दारातच उभा राहिला. "परवा दिवस हायत. फोटू पायजे व्हता मोठा. भितीला लावाया."

"बसा आधी."

"पाय मातीचं हायत."

"असू द्या हो. इथं कुणाचं पाय सोन्याचं हायत?"

तो बसला. खुर्चीच्या टोकावर, कुणी उठवलं तर उठता यावं असा. नम्रताने पाणी दिलं. घरात दुसरा फोटो नाही का, असं स्वप्नीलने विचारलं.

"आधारवर हाय. त्यो कुनाचा बी वाटतो. माजा बी वाटंल." हिरामण जरासा हसला. "पोरं मोबाईल काडायची, तं ती पदर घ्यायची तोंडावर. म्हनायची, त्यात जीव जातो. फकस्त जनीच्या लग्नात तोंड उगडं व्हतं. गात व्हती ना. पदर धराया हात कुठं मोकळं व्हतं?"

स्वप्नीलने जनीच्या लग्नाचं फोल्डर उघडलं. त्याला माहीत होतं तिथे काय आहे. नम्रतालाही माहीत होतं. हिरामणला माहीत नव्हतं, आणि तो स्क्रीनकडे आशेने बघत होता.

एक फोटो. डावा कोपरा. खडू.

दुसरा. डावा कोपरा. खडू, आणि वरून काळसर सावली.

असे सगळेच. मधोमध जनी आणि तिचा नवरा चकचकीत, जसे काही देवळातले. आणि त्यांचं लग्न लावणारी बाई प्रत्येक फोटोत पुसलेली.

"मधी नव्हती का ती?" हिरामणने विचारलं.

"मधी नवरी असते ना, भाऊ," स्वप्नील म्हणाला.

"हां. ते बी खरंच."

हिरामण चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. स्वप्नीलनेच घाईघाईने सांगितलं, "थांबा, करतो मी. आता नवीन आलंय. आपोआप साफ करतं." त्याने तो चेहरा कापला, मोठा केला आणि एआयच्या एका ॲपमध्ये टाकला. गोल फिरलं, फिरलं, आणि चेहरा आला.

एकदम साफ. एक म्हातारी बाई. गोरीगोमटी, गाल गुळगुळीत, ओठांत मंद हसू, वरचे दात पांढरेशुभ्र. पेन्शनच्या जाहिरातीत असते तशी.

हिरामणने खूप वेळ बघितलं. उठून जवळ जाऊन बघितलं. मग स्वप्नीलकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं, "ही कोन बाय?"

स्वप्नीलने चेहरा आणखी मोठा केला.

"आयच्या कपाळावर गोंदान व्हतं. हितं. आन हनुवटीला तीन ठिपकं. दात तं व्हतंच नाय." तो पुन्हा स्क्रीनकडे बघायला लागला. "बाय चांगली हाय. पन आमची नाय."

मशीनने गोंदण डाग समजून पुसलं होतं. ज्यांनी ते मशीन शिकवलं त्यांनी असल्या म्हाताऱ्या कधी बघितल्याच नसणार. आणि बघितल्या असल्या तरी कडेलाच बघितल्या असणार. स्वप्नीलने ती खिडकी बंद केली. त्याचे कान लाल झाले होते.

नम्रताने खुर्ची ओढली आणि आपलं फोल्डर उघडलं. छोट्या कॅमेऱ्याचं. तिने नवरीचेच जवळून फोटो काढले होते. डोळे, नथ, मुंडावळ्या. एकातही चंद्राबाईचा चेहरा नव्हता. ती एकेक पुढे ढकलत गेली, हिरामण बघत राहिला, आणि मग तोच एकदम म्हणाला, "थांबा. थांबा, ताई."

फोटो जनीचा होता. पण पुढून, फोटोच्या कडेतून, एक हात आत आला होता. तांदूळ टाकायच्या आधीचा क्षण. मूठ अर्धी उघडलेली, बोटांच्या फटीत हळद लावलेले दाणे. नखात माती. मनगटाच्या वर हिरवं गोंदण, त्यातली बाशिंगासारखी नक्षी ठिपक्या-ठिपक्याने मोजता यावी अशी. शिरा, सुरकुत्या, कोपराच्या बाजूला विळा लागल्याची जुनी खूण.

"ह्यो आयचा हात," हिरामण म्हणाला. "ही विळ्याची. मी ल्हान व्हतो तवाची." त्याने आपलं बोट स्क्रीनला न लावता त्या खुणेवरून हवेतच फिरवलं. "ह्योच मोटा करा."

"हिरामणभाऊ, चेहरा नाय त्यात," नम्रता म्हणाली.

"नसू दे. ज्यांचं लगीन लावलं त्यांनी हातच बघितलाय तिचा. वळखतील."

नम्रताने जनी कापून टाकली आणि हात मोठा केला. पैसे घ्यायचे नाहीत असं तिने नजरेने नवऱ्याला सांगितलं. त्यानेही आज नजर वाचली. फ्रेम पण त्यानेच निवडली, दुकानातली सर्वांत चांगली. हिरामण ती छातीशी धरून जिना उतरला. खाली खताच्या दुकानदाराने त्याला हटकलं, "काय रं हिराम्या, काय घेतलंस?" आणि तो म्हणाला, "आय."

वर दोघं तशीच बसली. नम्रतासारखी भांडकुदळ बाई गप्प बसते तेव्हा समोरच्याला जास्त लागतं.

"बोल की," स्वप्नील म्हणाला.

"काय बोलू?"

"लेन्स म्हन."

"मी कवाच म्हटलंय. आता तुमी म्हना."

तेवढ्यात किशोरचा फोन आला. स्वप्नीलने स्पीकर लावला, मुद्दाम की सवयीने कोण जाणे.

"काय शेठ, उद्या कॅमेऱ्याची बॉडी घेताय ना? सतरा तारखेची पार्टी फिक्स करतो."

"किशोरभाई, बॉडी नाय घेत."

"म्हंजे?"

"लेन्स घेतो. जुन्याच कॅमेऱ्यावर."

पलीकडे डीजेचा साऊंड चेक चालू होता. त्याच्या वरून किशोर ओरडला, "अरं येड्या, लेन्स कुनाला दिसते? पार्टीला डब्बा दिसतो. हातात मोठा डब्बा पायजे. बाईनं सांगितलं काय?"

"नाय. हिरामणनं."

"कोन हिरामण?"

"तुझ्याकडं लॉनला पानी मारतो तो."

"त्यो?" किशोर मोठ्याने हसला. त्याला तो विनोद वाटला. "बरं बाबा. मी पनवेलचा पोरगा बघतो मग." आणि फोन ठेवला.

सीझन गेला. खरोखरच गेला. पनवेलच्या त्या पोराने फार्महाऊसची सगळी लग्नं केली आणि त्याचं काही वाईट झालं नाही. पुढे किशोरचा मतपालट झाला, पार्टीला अक्कल आली, असलं काही घडलं नाही. घडत नसतं. घरी स्वप्नील महिनाभर अधूनमधून कुरकुरत राहिला आणि नम्रताने ती कुरकुर ऐकून घेतली, कारण नुकसान तिचंही होतं.

हिरामणच्या घरात शिरल्या शिरल्या समोरच्या कुडाच्या भिंतीवर तो हात आहे. झेंडूची माळ घातलेला. पाहुणे आले की त्यांची पोरं आधी हसतात, मग कुणीतरी म्हातारा पुढे होऊन बघतो आणि म्हणतो, चंद्राबाई.

तुळशीच्या लग्नानंतर पळसदरीला एक लग्न होतं. साधंच, शाळेच्या मैदानात. स्वप्नीलच्या हातात तोच जुना कॅमेरा, पुढे नवी लेन्स, डब्यापेक्षा जड. नवरीकडची मंडळी स्टेजवर फोटोला उभी राहिली. एक म्हातारी आत्या अगदी टोकाला, अर्धी खांबाला टेकवलेल्या फुलांच्या स्टँडआड.

"आत्या, मधी या की," नम्रता म्हणाली.

"नको गं बाय. मी हितंच बरी."

या बायका मधी येत नाहीत. ओढून आणल्या तरी फोटो निघेपर्यंत पुन्हा कडेला सरकतात. नम्रताने फक्त पुढे होऊन तो स्टँड बाजूला केला.

"तिथंच ऱ्हावा मग. पदर तेवढा खाली घ्या."

स्वप्नीलने फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर लगेच मोठा करून बघायला लागला. आधी डावं टोक. मग उजवं टोक. आत्याच्या कानातली बुगडी, भुवईवरचा तीळ, खांबाचा रंग उडालेला. मांडवात सगळे ताटकळले. नवऱ्याचा एक मित्र खालून ओरडला, "ओ फोटोग्राफर! नवरी मधी हाय!"

"माहीत हाय," स्वप्नील मान वर न करता म्हणाला. "ती कुठं जात नाय."