अप्पांचा अंगठा आणि मी

डबीत बसून बसून अंग आंबलंय माझं, मित्रांनो! मी एक जिग आहे, मासे फसवायचं खोटं आमिष. म्हणजे शिशाचं डोकं, त्यातून निघालेला गळ आणि शेपटीला कोंबड्याची दोन पिसं. आज रविवार, ऊन वर आलं, तरी अजून कुणी झाकण उघडत नाही. काय म्हणावं या माणसांना!

माझा जन्म भोईवाड्यातल्या चाळीत, स्टोव्हवर झाला. माझे धनी अप्पा गिरगावातल्या छापखान्यात शिशाची अक्षरं जुळवायचे. छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी झिजलेली अक्षरं त्यांना देऊन टाकली. ती वितळवून अप्पांनी मला ओतलं. माझ्या पोटात किती लग्नपत्रिका आहेत देव जाणे. म्हणूनच बहुधा मला गप्प बसवत नाही.

ठाण्यापलीकडच्या एका तलावात मी तीस वर्षं नाचलो. माझं काम सोपं नाही हं! तळाला टेकायचं, वीतभर उडी मारायची आणि मग सावकाश खाली यायचं. मरळ झडप घालते ती मी खाली येताना. तेव्हा दोरीला एक बारीकशी टिचकी बसते. दोरी ढिली असेल तर ती कळतच नाही. अप्पांना मात्र हमखास कळायची. "लागला गो, रमा!" असं ते बायकोला ओरडून सांगायचे, तेव्हा मी नुसता फुगून जायचो.

मग अप्पांचा हात थरथरायला लागला. दोरीच सारखी थरथरणार, तर टिचकी कळणार कशी? चार रविवार मासे मला चाखून निघून गेले. घरी आले की अप्पा माझी डबी कोपऱ्यात सारून द्यायचे. मला फार वाईट वाटायचं.

मागच्या रविवारी तलावावर त्यांचा मुलगा अमित वैतागला. "अप्पा, पुरे आता. हात बघा जरा तुमचा. हे सामान मी देऊन टाकतो कुणाला तरी."

अप्पांनी दोरी गुंडाळायला घेतली. माझा जीव नुसता वर-खाली!

तेवढ्यात रमाबाई म्हणाल्या, "अहो, चप्पल काढा."

"कशाला?"

"ह्या अमितचा पाळणा कसा हलवायचात? हातांनी गळ बांधत बसायचात आणि पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला. पोर जरा हललं की तुम्हाला कळायचं. विसरलात?"

अप्पा काठावर बसले. रमाबाईंनी गळाची काठी धरली आणि दोरी त्यांच्या अंगठ्यावरून पाण्यात सोडली. अप्पांनी पाय उचलला, मी उडालो. पाय टेकला, मी सावकाश उतरलो. अहाहा, तोच जुना ठेका! पाचव्या खेपेला टिचकी बसली.

"ओढ गो!"

रमाबाईंनी अशी काठी उचलली की मरळ थेट अमितच्या पुढ्यात येऊन पडली. अप्पा हसत होते आणि डोळेही पुसत होते. अमितने मासळीकडे पाहिलंच नाही. तो खाली बसला आणि वडिलांच्या अंगठ्यावरचा चिखल आपल्या रुमालाने पुसू लागला.

तेव्हा मित्रांनो, कुणाचा हात थरथरला म्हणून त्याचं काम लगेच काढून घेऊ नका. अजून काय शिल्लक आहे ते आधी नीट बघा. आणि हो, पाण्यातून काढल्यावर मलाही कोरडं पुसत जा. माझ्या गळाला गंज चढतो हो!

थांबा, जिन्यावर पावलं वाजतायत. अमितचीच! डबी उचलली त्याने.

"अप्पा, चला लवकर. बूट नको, चपला घाला."