मध्ये कोणी नको

"विठूभाऊ म्हणतायत, फणसाला यंदा फळ बेताचंच हाय," फोनमधून सावित्रीचा आवाज आला.

हरिश्चंद्राने रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला आणि त्यातून पाल बाहेर पडावी तसा त्याच्याकडे बघत राहिला. फणसाचं त्याने विठूला विचारलं होतं. उत्तर विठूने द्यायचं होतं. विठू तिच्याच दुकानातल्या बाकावर बसलेला होता, त्याचं खाकरणंसुद्धा ऐकू येत होतं. मग ही बया मध्ये कशाला?

"त्याला तोंड नाय काय?" हरिश्चंद्राने विचारलं.

"हाय ना. पण ते चहा पितायत."

"पिऊन झाला की दे त्याच्याकडे."

पलीकडे काहीतरी बोलणं झालं. मग पुन्हा तीच. "विठूभाऊ म्हणतायत, उद्या बोलू."

त्याने फोन आदळला. अंगणात कोकमं फोडत बसलेल्या कमळाने मान वर न करता म्हटलं, "इतकी वर्षं ती तार माझी सवत होती. आता तुम्हाला सवत मिळाली. बसा जळत."

बायको बोलली ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

तार हरिश्चंद्राची होती. सगळी वाडी विसरली तरी तो कसा विसरेल? जन्मभर आगबोटीवर इलेक्ट्रिशियनचं काम करून तो पूर्णगडाजवळच्या या गावी परतला, तेव्हा येताना मुंबईच्या भंगारबाजारातून हँडल फिरवायचे दोन जुने लष्करी फोन घेऊन आला होता. तो वरच्या वाडीत, विठू पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे खालच्या वाडीत. दोघे एका पाटीवर अक्षरं गिरवलेले. विठूने सगळं आयुष्य लाँचीच्या इंजिनाशेजारी काढलं, याने बोटीच्या पोटात. म्हातारपणी रोज भेटायचं ठरवलं, तर हरिश्चंद्राचे गुडघे आडवे आले. मग त्याने दगडी गडग्यांवरून, माडांवरून, पऱ्याच्या डोक्यावरून तार ओढली. सरकारी फोनसाठी अर्ज केलेली माणसं अजून वाट बघत होती आणि इथे दोन म्हातारे फोनवर कालवणाची चौकशी करत होते.

हळूहळू घरं वाढली. प्रत्येकाने आपापल्या दारावरून जाणाऱ्या तारेला आपला फोन जोडून घेतला. हरिश्चंद्राने कुणाला नाही म्हटलं नाही. त्याचा नियम एकच होता. घंटा सगळीकडे वाजेल, ज्याची खूण त्याने उचलावं, पण मध्ये कोणी नको. विठूची खूण दोन लांब, एक आखूड. या नियमाला कारण होतं. वडील गेल्याची तार बोटीवर आली होती ती एका अधिकाऱ्याच्या खणात पडून राहिली. हरिश्चंद्राच्या हातात आली तेव्हा घरी बारावं उरकलं होतं. मध्ये माणूस आला की निरोप त्याचा होतो, हे तो तेव्हा शिकला.

पण वाडीला कुठे असलं काही शिकायचं होतं! खूण एकाची, आणि कान सगळ्यांचे. केरूच्या चिमाच्या लग्नाची बोलणी फोनवर चालली होती, ती अख्ख्या वाडीने ऐकली, आणि ऐकणाऱ्यांतल्याच कुणीतरी तिकडे जाऊन भलतंसलतं सांगितलं. सोयरीक मोडली. मग देवळात बैठक बसली. पावस गावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बाबल्याने एका फळीवर खटके बसवून दिले. सगळ्या तारा त्या फळीला, आणि फळी सावित्रीच्या दुकानात, कारण ती विधवा बाई दिवसभर दुकानातच असायची. हँडल फिरवायचं, सावित्रीला सांगायचं, ती जोडून देणार. हरिश्चंद्र बैठकीत उठून बोलला. सगळ्यांनी मान देऊन ऐकून घेतलं आणि आपल्याला हवं तेच केलं.

त्या शिमग्याला पालखीपुढे सावित्रीच्या हातात नारळ दिला. गावाची सोय केली म्हणून! पोरंटोरंसुद्धा आता 'सावित्रीचा फोन' म्हणायला लागली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! तार ओढताना हरिश्चंद्राच्या हातांची सालं निघाली होती तेव्हा ही बाई गुळाच्या ढेपेवरच्या माश्या वारत बसली होती.

तरी तेही त्याने गिळलं असतं. नारळ घे, नाव घे, काय पाहिजे ते घे. पण विठू?

विठू घरातला फोन उचलेनासा झाला होता. विचारलं तर सेल उतरलेत म्हणे. हरिश्चंद्राने नवे सेल धाडले. तरी दुपार झाली की स्वारी सावित्रीच्या बाकावर. यानं काही विचारावं, तिनं सांगावं, 'विठूभाऊ म्हणतायत.' विठूचा स्वतःचा शब्द महिनोन्‌महिने कानावर आला नव्हता. लोक काय काय बोलायचे, त्याच्याशी हरिश्चंद्राला कर्तव्य नव्हतं. बायको गेलेल्या रंडक्या माणसाने कुणाच्या दुकानात बसावं हा त्याचा प्रश्न. पण आपली जागा दुसऱ्याला दिली, हे त्याच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं होतं. जेवताना तेच, अंथरुणावर तेच.

शेवटी त्याने माळ्यावरून तारेचं भेंडोळं काढलं.

कमळाने कपाळाला हात लावला. काठी टेकत, बसत-उठत, गुडघ्यांना शिव्या घालत तो नवी तार ओढत निघाला. वरच्या वाडीतून थेट विठूच्या घरी. फळी नको, खटका नको, सावित्री तर नकोच नको. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पऱ्यावरच्या अरुंद साकवावरून जाताना तर तो चक्क बसून सरकत पुढे गेला, लोक हसले तरी.

विठू घरी नव्हता. तो कुठे असणार हे सांगायची गरजच नव्हती. त्याच्या ओटीवर फोन ठोकता ठोकता हरिश्चंद्राला समोरचं दुकान दिसलं. विठू बाकावर पुढे वाकून बसला होता आणि सावित्रीच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. ती काहीतरी सावकाश सांगत होती. सरस्वती साक्षात समोर येऊन बसली असती तरी याने इतकं लक्ष दिलं नसतं. मास्तरांकडे कधी बघितलं नाही मेल्याने! हरिश्चंद्राचा हातोडा खिळ्याऐवजी बोटावर बसला.

विठूची सून राही पाणी घेऊन आली. थोडी घुटमळली. "काका, मामंजी घरात फोन घेत नायत हो," ती म्हणाली.

"हा घेईल. हा फक्त माझा हाय."

तिला आणखी काही बोलायचं होतं. पण त्याचा चेहरा बघून ती भांडं घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून हरिश्चंद्र फोनपाशी बसला. कमळा म्हणाली, मुलगी बघायला निघालात काय? त्याने लक्ष दिलं नाही. हँडल धरलं. दोन लांब, एक आखूड.

बऱ्याच वेळाने पलीकडे उचललं गेलं.

"हऱ्या?" विठू नेहमीसारखा ओरडूनच बोलला. "बोल."

तो आवाज ऐकला आणि हरिश्चंद्राचा सगळा राग विरघळला.  "काल तुझ्या दारात येऊन गेलो रे," तो म्हणाला. "तू नव्हतास."

"मजेत, मजेत," विठू म्हणाला. "तू कसा हायस?"

"गुडघे गेलेत. तार ओढताना पार वाट लागली."

"हो हो. काजू झाले की येतो. नक्की येतो."

 हरिश्चंद्राने फोनला एक चापट मारली, स्क्रू दाबून बघितले. सगळं घट्ट होतं. तार तर नवीकोरी. विठूचा श्वाससुद्धा स्पष्ट ऐकू येत होता.

"विठू," तो अगदी हळू म्हणाला, "आपल्यात आधी कोण मरणार रे?"

"तू म्हणशील तसं," विठू हसत म्हणाला. "तुझं काय मी मोडलंय कधी?"

मागे कुठेतरी राही काहीतरी सांगत होती. विठूने बहुतेक तिला हातानेच गप्प केलं. मग तो आणखी मोठ्याने, एकेक शब्द तोलून बोलला. "हऱ्या, लायन झकास टाकलीस हां. आवाज कसा अगदी स्वच्छ येतोय. शेजारी बसल्यासारखा."

 लाँचीचं इंजिन विठूच्या कानांत जन्मभर धडधडलं होतं, हे काय हरिश्चंद्राला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. पण विचार केला तो फक्त स्वतःचा. बाकावरचं ते सावित्रीच्या ओठांकडे टक लावून बघणं आता त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"ठेवतो," तो म्हणाला. ते तरी कुठे ऐकू गेलं असणार! विठू पलीकडे बराच वेळ फोन धरून होता. मधूनच 'हो, हो' म्हणत होता.

दुपारी देवळापाशी केरू, बाबल्या आणि आणखी दोघे-तिघे बसले होते. काय हरीभाऊ, नवी लायन कशी काय, असं त्यांनी छेडलंच. हरिश्चंद्र काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, फुकट गेली. पऱ्यावर ओल लागते, जोड चुकला, म्हातारपणी हिशेब चुकतात माणसाचे. बाबल्या हे ऐकून खूश झाला आणि आपली फळी कशी बरोबर होती ते सगळ्यांना सांगू लागला. हरिश्चंद्राने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आयुष्यात त्याने आपली चूक कधी कबूल केली नव्हती, आणि केली ती नेमकी नसलेली.

घरी येऊन त्याने जुन्या फोनचं हँडल फिरवलं. सावित्रीने उचललं.

"विठू हाय काय गो तिकडे?"

"हायत." तिचा आवाज जपून येत होता. "समोरच बसलेत."

"त्याला सांग, माझ्या नव्या लायनीत खोट निघाली. इकडे मलाच काय धड ऐकू येत नाय. सकाळी तो काय बोलला, एक अक्षर कळलं नाय मला. रागावू नको म्हणावं."

 सावित्री म्हणाली, "सांगते, भाऊ." आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरासा कापला.

हरिश्चंद्राने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. त्याचेच शब्द ती एकेक करून, सावकाश, विठूपुढे ठेवत होती. तरी विठूचे डोळे या घडीला तिच्या तोंडावर होते आणि आपण इकडे पऱ्यापार, हे त्याला टोचतच होतं. तिचं सांगून झालं. मग लांबून, फोनच्या पार मागून, विठूचं ते गडगडाटी हसणं आलं.

"विठूभाऊ म्हणतायत," सावित्री म्हणाली, "हऱ्याची कामं कधी धड झाली होती? आता उद्यापासून इथूनच बोलत जा."

"बरं म्हणावं," हरिश्चंद्र म्हणाला, आणि तिचं सांगून होईपर्यंत थांबला.