लोहाऱ्याच्या मैदानातला रंगवलेला खांब

“बण्ण बेड! रंग नको रे ह्याला. लाकूड उघडंच राहू द्या. आपण काय धरलंय ते गड्याच्या हाताला कळलं पाहिजे.”

बंडप्पा सुतारांचा हा आवाज ऐकून वीस वर्षं उलटली असतील. घरात कानडी, बाजारात मराठी बोलणारा म्हातारा माणूस. काही निक्षून सांगायचं झालं की दोन्ही भाषांत सांगायचा. ते दोन्ही शब्द माझ्या नसानसांत अजून आहेत.

मित्रांनो, मी एक जुना खो-खोचा खांब आहे. लोहाऱ्यात शाळेच्या मागं क्लबचं मैदान आहे, त्याच्या पूर्वेच्या टोकाला मी उभा असतो. आधी मी बांधावरची बाभूळ होतो. मला पहिला हात लागला तो सुताराचा, दुसरा रंध्याचा, तिसरा मातीचा. मातीनं कमरेपर्यंत कवटाळलं आणि मी उभा राहिलो. पश्चिमेच्या टोकाला माझा जोडीदार रोवला. आमची रोज नजरानजर होते, भेट मात्र नाही.

त्यानंतर किती हात लागले, काय सांगू! घामेजलेले, धुळीचे, चिंचा खाऊन चिकट झालेले. पण एक हात मी डोळे मिटून ओळखतो. तो संघपालचा. तिसरीत असताना आला, तेव्हा त्याची बोटं माझ्याभोवती पुरी वळतही नव्हती. आज तो चोवीस वर्षांचा आहे. दिवसा लोहारा-उमरगा वडापची जीप चालवतो आणि संध्याकाळी मैदानात येतो. एका हातानं मला धरून तो सारं अंग जमिनीला समांतर झोकून देतो आणि पुढं पळणाऱ्या गड्याची पाठ बोटाच्या टोकानं टिपतो. त्याला खांबावरचा सूर म्हणतात. त्या क्षणी त्याचा सगळा भार माझ्यावर असतो. अख्ख्या माणसाचा विश्वास तोलायला मिळणं, ह्याहून मोठं कौतुक लाकडाच्या वाट्याला येत नाही.

तीन वर्षांपूर्वी क्लबची भिंत रंगवायला गौरीशंकर आला. किराणा दुकानदाराचा मुलगा, पण जीव सगळा कुंचल्यात. फ्लेक्स आले तशा दुकानांच्या पाट्या गेल्या, मग तो शाळांच्या भिंती रंगवू लागला. आमच्या भिंतीवर त्यानं नऊ खेळाडू काढले. पहिले आठ दोन दिवसांत झाले. नववा बारा दिवस चालला.

“माझं नाक एवढं लांब हाय व्हय?” संघपालनं विचारलं.

“लांब न्हाय. पर गडी टिपायला हाताआधी तुझं नाकच पोचतंय.”

“अन् दुसरा कान कुठं गेला?”

“पलीकडं हाय. भिंतीच्या आत. म्या काय म्हणतो ते ऐकाया ठिवलाय.”

भिंत झाली, तरी गौरीशंकरचं येणं सुटलं नाही. सराव आटोपला की दोघं मला पाठ टेकून बसायचे. एकदा संघपालच्या तळव्याला फोड आला. गौरीशंकरनं खिशातून खोबरेलाची बाटली काढली आणि हळूहळू तेल चोळलं. तेल जिरलं, तरी हात काही सुटला नाही. मित्रांनो, दोन माणसांचं एकमेकांवर प्रेम असतं, ते तसंच होतं. मी लाकूड असून मला कळलं. पण गाव लहान. दोघांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. एकमेकांनासुद्धा शब्दांत नाही.

मग ते चार दिवस आले. शाळेत परीक्षा, म्हणून मैदान बंद. पहिल्याच दुपारी गौरीशंकर रंगाचे डबे घेऊन भिंतीवरून आत उतरला. त्यानं मला नखशिखांत ऑइलपेंटनं रंगवलं. निळाशार रंग, त्यावर पिवळ्या पट्ट्या, आणि बरोबर संघपालचा हात पडतो तिथं एक बारीक वेल.

“काय म्हणंल रं त्यो?” त्यानं मलाच विचारलं.

मला तोंड असतं, तर त्याच्या आईच्या भाषेत, कानडीत, ओरडलो असतो: बण्ण बेड! गौरीशंकरनं खेळ हजारदा पाहिला होता, खेळला मात्र कधीच नव्हता. त्याला लाकूड फक्त डोळ्यांनी ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी पोरं आली आणि खिदळली, “आयला, खांब नवरदेव झाला की!” क्लबला खेळ शिकवणारे सर अजून यायचे होते. संघपालनं माझ्यावर तळवा ठेवला. तळवा सरकन घसरला. त्यानं वर पाहिलं. गौरीशंकर भिंतीपाशी उभा होता. नवं चित्र दाखवताना लहान मुलाचा होतो, तसा त्याचा चेहरा झाला होता.

“लई झ्याक!” संघपाल म्हणाला. वाकून हाताला माती चोळली आणि खेळायला उभा राहिला.

तिसऱ्या गड्यामागं त्यानं सूर मारला. मी त्याला धरून ठेवायची किती धडपड केली! पण माझ्या अंगावरचा तो गुळगुळीत झगा माझा नव्हता. हात निसटला. संघपाल खांद्यावर आदळला. खांदा निखळला.

तेवढ्यात योगीराज सर पोहोचले. आधी त्यांनी त्याचा हात झोळीत बांधला, मग माझ्याकडं पाहिलं. “कुणाचा उद्योग हा?”

गौरीशंकरनं तोंड उघडलं. पण वेदनेनं पांढरा पडलेला संघपाल त्याच्याआधी बोलला, “म्याच रंगवला, सर.”

तो असं का बोलला, ते मला ठाऊक होतं. गौरीशंकरचं नाव आलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: त्यानं तुझ्यासाठी खांब कशाला सजवला?

“पंधरा वर्षं खांब धरतोस, अन् तुला एवढं कळू नये?” सर कडाडले. “उद्या दुसऱ्या कुणाचा हात मोडला असता! यंदा जिल्ह्याच्या चाचणीला तुझं नाव जाणार न्हाय.”

गौरीशंकर गप्पच राहिला. दुसऱ्या दिवशी मला उपटून क्लबच्या खोलीत, रेषा आखायच्या फक्कीच्या पोत्यांमागं टाकलं. माझ्या जागी परका लोखंडी नळ उभा राहिला. दोन महिने मी अंधारात पडून होतो. वाळवी पायथ्याशी चौकशी करून गेली. बाहेरून पावलांचा आवाज यायचा. संघपालचा खांदा बरा झाला होता आणि तो रेषेच्या बाहेरून, एकटाच पळत होता. गौरीशंकरचं पाऊल मात्र ऐकू येत नव्हतं.

एका दुपारी खोलीचं दार उघडलं. गौरीशंकर काचेचा तुकडा आणि पॉलिशपेपर घेऊन आत आला. तीन दुपारी तो मला खरवडत होता. पट्ट्या गेल्या, निळा गेला. वेलीपाशी आल्यावर हात थांबला. मग तीही गेली. त्याच्या बोटांना कापलं होतं, पण माझ्या लाकडाला पुन्हा वारा लागला.

मित्रांनो, आज मी परत माझ्या जागेवर आहे. दोघं अजून मला टेकून बसतात. माझं मागणं फार नाही. आवडत्या माणसासाठी काही करायचं असेल, तर त्याला काय हवं ते आधी विचारा. आणि काही खुपलं, तर तोंडदेखलं झ्याक म्हणू नका. मला रंग नको, नारळ नको. येता-जाता हात लावा, तेवढ्यानं माझी झिलई टिकते.

पण मी मैदानात परत कसा आलो, ते राहिलंच की.

तो शनिवार होता. सर बाकावर बसून चाचणीची यादी लिहीत होते. गौरीशंकर मला खांद्यावर घेऊन सगळ्यांसमोर आला.

“सर, खांब म्या रंगवला हुता. संघपाल खोटं बोलला. माझं नाव यिऊ नये म्हणून. अन् म्या भ्यालो, गप बसलो.”

रेषेबाहेर पळणारा संघपाल जागच्या जागी थांबला. सरांनी त्याला बोलावलं. “खरं हाय?”

“व्हय, सर.”

सरांनी यादीच्या शेवटी त्याचं नाव लिहिलं, पेनाला टोपण लावलं. मग माझ्या उघड्या लाकडावरून हात फिरवत म्हणाले, “एक कोडं मातर सुटंना. हात ठिवला तवाच कळलं असंल तुला, निसटतंय म्हणून. सूर मारलास कशाला?”

संघपाल जवळ आला. गौरीशंकरच्या खांद्यावर होतो तसाच त्यानं मला धरलं, जिथं वेल होती बरोबर तिथं.

“त्यो भिंतीपाशी हुबा हुता, सर. म्या काय म्हणतो ते बघत. माझा जीव हाय त्याच्यावर.”