ब्रेंडाच्या वाट्याचं भांडण

क्लिफर्ड थ्वेटनं एखाद्या कवीचं कौतुक छापलं की यॉर्कशायरमधले बाकीचे कवी त्या बिचाऱ्याला सांत्वनाला बिअर पाजत. तिथल्या कवितेच्या त्रैमासिकाची शेवटची, परीक्षणांची पानं कैक वर्षं त्याच्याकडे होती. छोट्या प्रकाशकांनी जेवणाच्या टेबलावर पिना मारून बांधलेल्या कवितांच्या पुस्तिका टपालानं त्याच्या दारात पडायच्या. ज्याच्यात दम दिसे त्याच्याशी तो ओळीओळीवरून भांडे. ज्याच्यात काहीच नसे त्याला ‘प्रामाणिक’, ‘हळुवार’ असं गोड बोलून वाटेला लावी. ही रीत सगळ्यांना पाठ होती. त्याच्या शिव्या खाल्लेले कवी पबच्या माडीवरच्या कवितावाचनाला मान ताठ करून येत. माणूस खडूस होता, पण कागदावर खोटं बोलत नसे.

सगळ्यांत जास्त तो ब्रेंडा ऑग्डेनशी भांडला. तिची पुस्तिका निघाली की हा तिला फाडून खाई, आणि अंक पोचला त्या सकाळी तिचा फोन येई. ‘कविता तुझ्या बापाला तरी कळत होती का?’ इथून सुरुवात. पुढे तासभर दोघं एकमेकांची सालं काढत. पुढच्या पुस्तिकेत मात्र तिनं त्याचं निम्मं ऐकलेलं असे आणि उरलेलं निम्मं मुद्दाम डावललेलं. क्लिफर्डची बायको जाऊन बराच काळ लोटला होता. त्या फोनसाठी आपण जगतो आहोत हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, ब्रेंडाला तर नाहीच.

या खेपेला पुस्तिका टपालानं आली नाही. ब्रेंडाची प्रकाशक मोरीन ती स्वतः घेऊन आली आणि कोटही न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली.

"ब्रेंडा हॉस्पिसमध्ये आहे," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, फार तर काही आठवडे."

क्लिफर्डनं किटलीत पाणी भरलं आणि तो बटण दाबायला विसरला. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"कुणालाच सांगू नको म्हणाली. तुला तर मुळीच नाही. तेव्हा मी इथे आलेच नव्हते असं समज." मोरीननं पुस्तिका टेबलावर ठेवली. "आणि हे बघ, या वेळी जरा माणसासारखं लिही. तिच्या हातात पडणारं शेवटचं परीक्षण आहे. एकदा जीभ आवरलीस तर काही आभाळ कोसळणार नाही."

ती गेल्यावर त्यानं पुस्तिका वाचली. चांगली होती, म्हणजेच भांडण्यासारखी होती. एरवी त्यानं बाह्या सरसावल्या असत्या. पण डोळ्यांसमोर उशीला टेकलेली ब्रेंडा येई आणि तो पेन खाली ठेवी. शेवटी त्यानं लिहिलं. ‘प्रामाणिक’ लिहिलं, ‘हळुवार’ लिहिलं, शेवटच्या कवितेचं शेवटचं कडवं अख्खं उतरवून ‘हे मनात रेंगाळत राहतं’ असंही लिहिलं. स्वतःचीच शिसारी आली, तरी पाठवून दिलं. मोरीनच्या सांगण्यावरून संपादकानं अंक छापायला जाण्याआधीच ते ब्रेंडाला वाचायला धाडलं.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही, तेव्हा क्लिफर्डनं बस पकडली.

पलंगावर ब्रेंडा निम्मीच उरली होती. डोळे मात्र होते तसेच होते.

"मोरीननं तोंड उघडलं वाटतं," ती म्हणाली.

"कशावरून?"

"मला हळुवार म्हणालास. डॉक्टरांचं मी मनावर घेतलं नव्हतं रे. म्हटलं, चुकतात ते, बघू. मग तुझं परीक्षण आलं. वाचलं आणि कळलं, आटोपलं आपलं."

क्लिफर्डनं खुर्ची पुढे ओढली. "मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"बरं वाटायला इथे मॉर्फिन देतात. ते शेवटचं कडवं तुला खरंच आवडलं?"

कविता तिच्या आईवर होती. गिरणीकामगारांच्या गल्लीत या घरापासून समोरच्या घरापर्यंत बांधलेल्या दोऱ्यांवर धुणं वाळतंय, कोळशाची गाडी येते, आणि गाडी खालून जाईपर्यंत आई ओल्या चादरी काठीनं उंच धरून उभी राहते. कविता खरं तर तिथे संपली होती. पण पुढे अजून एक कडवं होतं: ‘प्रेम म्हणजे तरी दुसरं काय, कुणासाठी उंच धरलेली चादर.’

"भिकार आहे," क्लिफर्ड म्हणाला. "चहाच्या मगांवर छापतात तसलं."

"मग लिहिलं का नाहीस?"

त्यानं पांघरुणाची चुणी सरळ केली.

"भिकार आहे हे मला काय ठाऊक नव्हतं? तुझ्यासाठी ठेवलं होतं ते. म्हटलं, बाकी सगळं सोडेल, हे सोडायचा नाही. अंक येईल, मी फोन करीन, तुला तासभर झोडपीन. एवढं एक भांडण हवं होतं मला, क्लिफर्ड."

"आत्ता भांड ना."

"आता दम नाही रे," ब्रेंडा म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. क्लिफर्डनं तिचा हात हातात घेतला. असं काही करायची दोघांनाही सवय नव्हती.

अंक बाहेर पडायच्या आत ती गेली. अंक घरी आल्यावर क्लिफर्डनं त्याचं पाकीटसुद्धा फोडलं नाही.

अंत्यविधीच्या वेळी चॅपलमध्ये मोरीननं तीच कविता वाचली. कोळशाच्या गाडीपाशी ती श्वास घ्यायला थांबली आणि क्लिफर्डनं मनोमन हात जोडले, की बाई, इथेच थांब. ती थांबली नाही. शेवटच्या कडव्याला बाकाबाकांवर रुमाल निघाले.

नंतर सगळे हॅम सँडविच खात असताना मोरीन त्याच्याजवळ आली. तिचे डोळे सुजले होते. "तिची भाची म्हणतेय, थडग्याच्या दगडावर ते शेवटचं कडवंच कोरू या."

"नको," क्लिफर्ड म्हणाला. "वाईट आहे ते. तिलाही ठाऊक होतं."

"आज तरी, क्लिफर्ड." आसपासची माणसं वळून बघू लागली. "आज तरी तिला सोड. आणि तूच तर छापलंस ना, मनात रेंगाळतं म्हणून?"

क्लिफर्डनं हातातली बशी खाली ठेवली.

"हो," तो म्हणाला. "मीच छापलं."