न-९ची अढी

शाल्मली औटीला मुलगी झाली. साडेतीन किलो, जावळ भरपूर, आवाज असा की शेजारच्या मळ्यातली कुत्री गप्प बसली. बर्फीसुद्धा वाटून झाली. आता हे विसरायचं, कारण टोमॅटो संशोधन केंद्राच्या नोंदवहीत असं काही घडलेलं नाही. नोंदवहीप्रमाणे फळ अजून झाडावर आहे आणि शाल्मलीला सतरावा महिना चालू आहे. नोंदवही आणि पोट यांच्यात फरक पडला, तर पोटाचं ऐकायची पद्धत केंद्रात नाही.

चूक शाल्मलीचीच. केंद्रात ती फुलांची लग्नं लावायची. चिमट्याने कळीतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे आणि देठाला टॅग बांधायचा. टॅगवर आधी आईचा वाण, मग फुली, मग बापाचा. हात अडकलेले असले की सगळ्याच जणी पुढचा टॅग मनगटात घालून ठेवत. त्या दिवशी शाल्मलीला आठवा महिना होता, पाठ भरून आली होती, आणि टॅग मनगटात तसाच घेऊन ती घरी आली. टॅगवर होतं, न-९ × न-९.

न-९ म्हणजे ज्याचं पिकण्याचं जनुक बंद आहे तो टोमॅटो. फळ पूर्ण वाढतं, गरगरीत होतं आणि मग हिरवंगार बसून राहतं, रुसलेला जावई पाटावर बसतो तसं. एकाच बाजूने न-९ असेल तर उशिरा का होईना रंग धरतं. दोन्ही बाजूंनी असेल तर नाही.

संध्याकाळी टॅग मोजताना भाऊसाहेब डुंबऱ्यांना एक कमी भरला. नोंदवही त्यांच्याच ताब्यात असे. त्यांनी फोन केला.

"मनगटात राहिलाय, भाऊसाहेब," शाल्मली म्हणाली.

"मग बांधलेला धरतो," म्हणाले, आणि त्यांनी धरला.

दहाव्या महिन्यात तिच्या नवऱ्याने, राजसने, कात्री आणली. शाल्मलीने हात मागे घेतला. "टॅगला धक्का लागला की देठ सुटतो. अशी किती कच्ची फळं माझ्या हातून गळलीत, तुला काय माहीत!" कात्री ड्रॉवरमध्ये परत गेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "वाढ पूर्ण आहे. फक्त रंग धरत नाहीये."

चौदाव्या महिन्यात आतून पाढे ऐकू येऊ लागले. बी फळात फार दिवस राहिलं की आतल्या आत उगवतं, त्यामुळे शाल्मलीला नवल वाटलं नाही. पोर बाराच्या पाढ्याला पोचली तेव्हा मात्र सासूबाईंनी पदर खोचला.

"अढी घालू. हजारानं आंबे पिकवलेत मी, हिचं काय घेऊन बसलात!"

भाताचा पेंढा अंथरला, मधोमध शाल्मलीला निजवलं, उशाशी पिकल्या केळ्यांची फणी ठेवली, वरून गोणपाट. एक पिकलं की त्याच्या वासाने शेजारचं पिकतं, एवढं शास्त्र सासूबाईंना केंद्राच्या आधीपासून ठाऊक होतं.

अढी लागू पडली. तिसऱ्या दिवशी सासरे पिकले. आधी कानामागे पिवळे झाले, मग सगळेच. गालाला बोट लावलं की खळगा राहायचा. "आतून गोड गोड वाटतंय गं," म्हणाले, आणि बातम्या बघता बघता खुर्चीवरून अलगद सुटले. सासूबाईंनी त्यांना उलटंपालटं करून पाहिलं. "डाग नाही कुठं," म्हणाल्या आणि त्यांना टोपलीत पेंढ्यावर नीट ठेवलं. रविवारी त्या स्वतःच त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

शाल्मली हिरवीच होती. न-९ला वास पोचतो, पण त्यातला पिकायचा निरोप ऐकू येत नाही.

राजस उजव्या बाजूने पिकत होता. अढीकडे तोंड करून तो त्याच कुशीवर झोपायचा.

"मला किती दिवस आहेत?" त्याने विचारलं.

"या उन्हात? दोन. सावलीत ठेवलं तर तीन."

"पोरगी बघायला मिळेल का मला?"

शाल्मलीने त्याच्या खांद्यावर अंगठा दाबून पाहिला. अंगठा आत गेला. ती उठली आणि पेंढा झटकून केंद्रात गेली.

"टॅग काढायचा कधी असतो, भाऊसाहेब?"

"फळ पिकलं की."

"टॅग असेपर्यंत ते पिकणार नाही."

"मग काढू नका."

"निदान बापाचा रकाना दुरुस्त करा. बाप न-९ नाहीये, राजस आहे. एक बाजू सुधारली तर उशिरा का होईना पिकेल."

"बाप बदलायचा तर फूल नव्यानं लागतं, मॅडम. आहे का फूल?"

"नाही."

"मग अर्ज द्या साध्या कागदावर. मी सही करतो, माझं काय जातंय!"

त्यांनी पेन उघडलं. तेवढ्यात शाल्मलीच्या वेणीतली पेंढ्याची एक काडी टेबलावर पडली. भाऊसाहेबांचे कान लाल झाले. "कसला गोड वास येतोय हो," म्हणाले आणि खुर्चीवरून सुटले.

शाल्मलीने त्यांना फाइलींच्या ट्रेमध्ये ठेवलं, देठाची बाजू वर करून. पोटात पोरगी तेराच्या पाढ्यावर अडली होती. तेरा सत्ते, तेरा सत्ते. शाल्मलीने त्यांचंच पेन घेतलं, अर्ज लिहिला आणि रिकाम्या खुर्चीवर ठेवला.

"...तरी नर-पालक या रकान्यातील 'न-९' खोडून तेथे श्री. राजस औटी यांचे नाव नोंदवावे. सदर व्यक्ती उजव्या बाजूने पूर्ण पिकलेली असून डावी बाजू परवापर्यंत टिकेल. उत्तर उद्या सकाळी कार्यालय उघडताच मिळावे, ही नम्र विनंती."